कंपवातातील मेंदू-रक्तप्रवाह चित्रण

कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन रोगाच्या, रुग्णात मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्त मिळते हे दाखवणाऱ्या तपासण्यांचा गट. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते आणि या रोगात ती बहुधा निर्दोष भासते. रक्तप्रवाह चित्रणात कार्यातला बिघाड दिसतो.

तत्त्व : मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. निरोगी प्रौढात १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी ५० मिलि. रक्त मिळते. जो भाग अधिक काम करतो तेथे प्रवाह वाढतो.

पद्धती : स्पेक्ट तपासणीत ६ तास अर्धायुष्य असलेले टेक्नेशियम-९९एम हे एचएमपीएओ किंवा ईसीडी या संयुगाला जोडून शिरेतून टोचतात. ते मेंदूत शिरून तेथेच अडकते. म्हणून चित्र सावकाश घेतले तरी टोचल्या वेळचा प्रवाह समजतो. पेट तपासणीत ऑक्सिजन-१५ युक्त पाणी वापरतात. त्याचे अर्धायुष्य जेमतेम २ मिनिटे असल्याने ते तयार करणारा सायक्लोट्रॉन जवळच असावा लागतो. १९९२ मध्ये मांडलेल्या ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’ या एमआरआय पद्धतीत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण करतात. तिला किरणोत्सर्गी द्रव्य लागत नाही; मात्र डोके हलले की चित्र बिघडते, आणि कंप असलेल्या रुग्णाला स्थिर पडून राहणे जड जाते.

निष्कर्ष : गटागटांच्या तुलनेत ग्लोबस पॅलिडस, थॅलॅमस, पॉन्स व लहान मेंदू येथे प्रवाह तुलनेने अधिक, तर प्रीमोटर आणि मागील पार्श्विका भागांत कमी आढळतो. लंडनमधील संशोधकांनी १९९२ मध्ये पेटच्या साहाय्याने दाखवले, की स्वतः दिशा निवडून दांडा हलवताना रुग्णांचे पूरक प्रेरक क्षेत्र पुरेसे उद्दीपित होत नाही. अपोमॉर्फिन हे औषध दिल्यावर ते सुधारते. हालचाल सुरू करताना होणाऱ्या अडचणीचा मेंदूतील माग यातून मिळाला. दृष्टीशी संबंधित पश्चकपाल भागातील घट लेवी-बॉडी स्मृतिभ्रंशाकडे निर्देश करते.

उपयोग व मर्यादा : डोपामिन-वाहक स्कॅन मूळ कंपवात आणि त्यासारखे दिसणारे ऱ्हासविकार नीट वेगळे करू शकत नाही. तेथे रक्तप्रवाहाचा नकाशा मदत करतो : प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीत ललाटखंडातील, तर मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीत पुटामेन वा लहान मेंदूतील प्रवाह घटतो. या विकारांत लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा गुण कमी येतो व आजार झपाट्याने वाढतो; म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना खरे निदान वेळेवर कळणे अत्यंत मोलाचे असते. मात्र लेव्होडोपामुळे काही भागांत चयापचय घटूनही रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे चित्राचा अर्थ लावताना औषधाची वेळ विचारात घ्यावी लागते. पक्षाघात आणि नैराश्यानेही नकाशा बदलतो. यासाठी निदानाचा मुख्य आधार प्रत्यक्ष तपासणी, लक्षणांची वाटचाल आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद हाच राहतो. चित्रण त्याला पूरक ठरते.