गारगोटी ते टोपी : ठासणीच्या बंदुकीची कथा

बालाघाटच्या पठारावर वसलेले घाटनांदूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जवळचे अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई व तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्या जमान्यातील ठासणीच्या बंदुकीची कथा आजही बोधप्रद आहे.

ही बंदूक तोंडाकडून भरीत. नळीत दारू व गोळी घालून ती गजाने ठासीत. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी आवळलेली असे. चाप ओढताच ती पोलादी पत्र्यावर आपटे, ठिणग्या वाटीतील रंजकावर पडत व बारीक छिद्रातून आग नळीत शिरे. पावसात रंजक भिजले की बार फुकट जाई.

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांना शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच पाखरे उडून जात. म्हणून आघाताने पेटणारे स्फोटक वापरण्याची युक्ती त्यांनी काढली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. १८३९ च्या सुमारास इंग्रज फौजेने टोपीची बंदूक स्वीकारली.

जुन्या बंदुका मात्र सरसकट मोडीत निघाल्या नाहीत. कारागीर वाटी व पत्रा काढीत, छिद्रात आटे पाडून पोकळ खुंटी बसवीत आणि जबड्याऐवजी हातोडीसारखा घोडा लावीत. खुंटीवर टोपी चढवली की काम झाले. नळी, दस्ता व गज तेच राहत. पावसाची भीतीही बरीच ओसरली.

पण या सोयीबरोबर परावलंबनही आले. गारगोटी बालाघाटच्या रानातही सापडते. टोपी मात्र कारखान्यातूनच यावी लागे. १८५७ मध्ये दिल्लीत इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या शिपायांना टोप्यांचा तुटवडा भोवला. टोपी संपली की उत्तम बंदूकही नुसती काठी! म्हणूनच टोपीची बंदूक पुन्हा चकमकीची करण्याची उलटी वाटही कारागिरांना मोकळी होती.

मूळ अंग राखून नवे जोडणे म्हणजेच जीर्णोद्धार. मंदिराच्या जुन्या दगडांवर नवे काम चढविताना गावाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी : नवे जरूर घ्यावे, पण त्याची देखभाल गावाच्याच हाती राहील असे पाहावे.