प्रोबेशन मोडलं तेव्हा वकील कुठे होता?

मी विज्ञानाचा विद्यार्थी, कायद्याचा नाही. तरी सांगतो, संशोधनाकडे वळणार असाल तर न्यायालयांची जुनी निकालपत्रं वाचून बघा. आज दोन घेऊया, दोन्ही अमेरिकेतली.

प्रोबेशन म्हणजे दोषी ठरलेल्या माणसाने तुरुंगाऐवजी अटी पाळून बाहेर राहायचं. अट मोडली की तुरुंग. पण मोडली की नाही हे ठरताना त्याच्या बाजूने बोलणार कोण?

जून १९५९. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये एका मुलाने दुसऱ्याची गाडी न विचारता फिरवल्याचा गुन्हा कबूल केला. तेव्हा कोर्टाने दिलेला वकील सोबत होता. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावणं पुढे ढकललं आणि २ वर्षांचं प्रोबेशन दिलं. चारेक महिन्यांनी सरकारी वकील परत हजर: हा मुलगा घरफोडीत होता. आता १७ वर्षांच्या या पोराबरोबर फक्त सावत्र वडील होते. वकील हवा का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. घरफोडीत होतास का? तो हो म्हणाला. प्रोबेशन अधिकाऱ्याने 'माझ्या माहितीनुसार' अशी साक्ष दिली, तिची उलटतपासणी झाली नाही. शिक्षा १० वर्षं.

इथे जरा थांबा, कारण या १० वर्षांच्या आकड्याने मीही फसलो होतो. तिथल्या कायद्याने न्यायाधीशाला कमाल शिक्षाच सुनवावी लागे. प्रत्यक्षात किती वर्षं आत काढायची ते पॅरोल मंडळ ठरवी, आणि न्यायाधीशाच्या शिफारशीला तिथे वजन असे. (या प्रकरणात शिफारस १ वर्षाची होती.) म्हणजे वकिलाचं खरं काम त्या शिफारशीपाशी होतं. शिवाय गुन्हा कबूल करून प्रोबेशनवर गेलेल्याला अपील करता येई ते प्रोबेशन रद्द होऊन शिक्षा सुनावल्यावरच. हे त्या मुलाला कोण सांगणार?

१९६७ मध्ये 'मेम्पा विरुद्ध ऱ्हे' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, इथे वकील हवाच होता. निकाल थरगूड मार्शल यांनी लिहिला. कारण नीट बघा: शिक्षा याच सुनावणीत दिली गेली होती.

'गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली' (१९७३) मध्ये नेमकं हेच बदललं. विस्कॉन्सिनमध्ये १५ वर्षांची शिक्षा आधीच सुनावून स्थगित केली होती, ७ वर्षांचं प्रोबेशन होतं. इलिनॉयमध्ये घरफोडीच्या आरोपात पकडल्यावर काहीही सुनावणी न होता त्या माणसाला तुरुंगात टाकलं. त्याने दिलेला कबुलीजबाब दबावाखाली घेतला होता, असं त्याचं नंतर म्हणणं. न्यायालय म्हणालं, सुनावणी पाहिजेच. वकील मात्र प्रकरण बघून द्यावा. 'मी हे केलंच नाही' असं तो म्हणत असेल, किंवा कारणं गुंतागुंतीची असतील, तर द्यावा. त्याला स्वतःची बाजू धडपणे मांडता येते का, तेही बघावं.

आणि हे सगळं बघणार कोण? प्रोबेशन रद्द करणारी यंत्रणाच! मला हे अजून पटलेलं नाही.

मेम्पाचं निकालपत्र छोटं आहे, आधी तेच वाचा. दोन्हींत शिक्षा कधी सुनावली ती तारीख शोधून वहीत लिहा, मग पुढचं युक्तिवादाचं वाचा.