लाइट टूरिंग स्की कशी निवडायची? उंची नंतर, आधी वजन

गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट आला. परभणीचाच एक पोरगा, माझ्या आतेभावाचा मित्र, मास्टर्ससाठी ओस्लोला आलाय. "दादा, ही स्कीची जोडी सेकंड-हँड द्यायलेत, स्वस्तात. घेऊ का?" फोटोत भिंतीला टेकवलेल्या दोन लांब पट्ट्या, खाली लिहिलेलं, लांबी 205 सेंटीमीटर. मी विचारलं, "तुझं वजन किती?" तो म्हणाला, "दादा, उंची विचारायची ना, वजन कशाला?"

मीही तीन वर्षांपूर्वी असंच समजत होतो. आपल्याला बर्फ माहीत तो रसवंतीतला. इथे नोकरीला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एका दुकानातून फक्त उंचीवरून स्की घेतली. थोडा चढ आला की मी मागे घसरायचो आणि शेजारून आजीबाई आरामात वर जायच्या. दोन महिने मला वाटत होतं की दोष माझ्या पायांचा आहे. दोष स्कीचा होता. ती माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी बनवलेली होती.

(जाता जाता: नॉर्वेत स्कीचा उच्चार 'शी' करतात. ऑफिसात पहिल्यांदा "आज शी करायला येतोस का?" या अर्थाचं वाक्य ऐकलं तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

लाइट टूरिंग म्हणजे काय?

सिनेमात डोंगरावरून सुसाट खाली येतात ती अल्पाइन स्की. तिथे टाचही बांधलेली असते. क्रॉस-कंट्रीत फक्त बुटाचं टोक अडकतं, टाच मोकळी राहते आणि माणूस सपाटीवर, चढावर स्वतःच्या ताकदीने चालतो. यात एका टोकाला शर्यतीची अरुंद, हलकी स्की आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी कडा असलेली रुंद, डोंगराळ स्की. लाइट टूरिंग या दोघांच्या मधली. मशीनने आखलेल्या वाटेवर चालते आणि वाट सोडून थोडं जंगलात शिरलात तरी दगा देत नाही. पहिली स्की म्हणून मला हीच योग्य वाटते.

खरी गोष्ट: कमान

स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग वर उचललेला दिसतो. ट्रकचा कमानपाटा आठवा. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना ही कमान पूर्ण दबायला नको, म्हणजे स्की पुढे सरकते. एका पायावर सगळं वजन टाकून रेटा दिला की कमान पूर्ण दबली पाहिजे, म्हणजे मधला पकड देणारा भाग बर्फाला टेकतो. स्की तुमच्या वजनाला कडक असेल तर तो भाग टेकतच नाही, म्हणून मागे घसरता. मऊ असेल तर तो सतत घासत राहतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं जातं.

तपासायला अ‍ॅप लागत नाही, दुकानाचं बिल पुरतं. सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर उभे राहा आणि मित्राला पायाखाली कागद सरकवायला सांगा. टाचेपासून बोटांच्या पुढे साधारण 30-40 सेंटीमीटरपर्यंत तो सहज सरकला पाहिजे. आता सगळं वजन त्या एका पायावर टाका. कागद अडकला तर स्की तुमची. वजन मोजताना जाकीट, पाठीवरची बॅग, पाण्याची बाटली धरून मोजा. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीचा वजनाचा तक्ता बघा. काही स्कीवर वजनाची मर्यादा छापलेली किंवा स्टिकरवर असते. लांबी या तक्त्यातूनच ठरते, उंची फक्त पडताळणीला.

पकड कशाने?

तीन प्रकार. पहिला, तळाला माशाच्या खवल्यांसारख्या खाचा. देखभाल जवळजवळ शून्य, फक्त वेग थोडा कमी आणि चालताना घुर्र असा आवाज. दुसरा, मधोमध चिकटवलेली केसाळ पट्टी. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने अडकतो, तसंच. तिसरा, मेण. थंडी जास्त तर कडक मेण, कमी तर मऊ. जमलं तर याच्यासारखी मजा नाही, पण रोज तापमान बघून मेण बदलायचं म्हणजे दर सकाळी नवीन व्हर्जन डिप्लॉय करण्यासारखं आहे. शून्य अंशाच्या आसपास ताजा बर्फ पडला की पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात चपलेला चिखल चिकटतो तसे स्कीच्या तळाला गोळे धरतात. अशा दिवशी खाचांचाच त्रास सगळ्यात कमी. नवशिक्याने खाचा किंवा पट्टी घ्यावी. जुन्या मेणाचा डबा कुणी फुकट दिला तर फ्लोरिनवालं नाही ना ते वाचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून ते शर्यतीत बंद केलंय, कारण ती रसायनं निसर्गात टिकून राहतात.

रुंदी आणि बाइंडिंग

स्कीवर 62-52-60 असे तीन आकडे असतात: पुढची, मधली, मागची रुंदी, मिलिमीटरमध्ये. सर्वात मोठा आकडा 70 च्या आत ठेवा, नाहीतर आखलेल्या वाटेच्या खोबणीत स्की नीट बसत नाही.

बाइंडिंगची गंमत जुन्या मोबाइल चार्जरसारखी. एनएनएन आणि प्रोलिंक एकमेकांना चालतात. जुनं एसएनएस वेगळं. एनएनएन बीसी नावाने सारखं वाटतं, पण त्याची दांडी जाड, साध्या एनएनएनमध्ये बसत नाही. ओळखायची खूण: एनएनएनच्या बुटाच्या तळाला दोन अरुंद खाचा, जुन्या एसएनएसला मधोमध एक रुंद. म्हणून आधी बूट घ्या, मग स्की. बूट पायाला बसला पाहिजे, ते फोटोवरून कळत नाही.

भारतातल्यांसाठी

हा खेळ आपल्याकडे नाहीच असं नाही. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये जगदीश सिंग 15 किलोमीटर क्रॉस-कंट्रीत भारताकडून उतरला होता. पण गुलमर्ग किंवा औलीला भाड्याने मिळतं ते बहुतेक अल्पाइन सामान, म्हणून बुकिंगच्या वेळीच "क्रॉस-कंट्री आहे का?" असं स्पष्ट विचारा. आणि फोन आतल्या खिशात ठेवा. गारठ्यात लिथियम बॅटरी 40 टक्क्यांवरून थेट बंद पडू शकते.

नॉर्वेत असाल तर 'स्कीस्पोरे'वर कुठली वाट मशीनने कधी आखली ते नकाशावर दिसतं. सामान फुकट उसनं देणारी 'बुआ' नावाची केंद्रंही बऱ्याच गावांत आहेत. नाव वाचून कीर्तनकार आठवतात, पण काम मस्त.

त्या पोराने शेवटी वजन सांगितलं, 58 किलो. मी म्हटलं, बिलाचा कागद घेऊन जा. संध्याकाळी व्हिडिओ आला: एका पायावर उभा राहून तो जोर लावतोय आणि कागद आरामात इकडून तिकडे सरकतोय. खाली मेसेज, "दादा, हे तर अडकंना." जोडी सोडली. शनिवारी बुआतून घेतलेल्या स्की खांद्यावर टाकून आम्ही एक नंबरच्या मेट्रोने फ्रोग्नरसेतेरेनला गेलो. तो अकरा वेळा पडला. चढावर मात्र एकदाही मागे घसरला नाही.