सुतार आणि तांबट

बेळगाव-निपाणीच्या टापूत पक्ष्यांनाही कारागिरांची नावे मिळाली आहेत. खोडावर टोच मारीत वर चढणारा तो सुतार. वडाच्या शेंड्यावर बसून भर दुपारी भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्-टुक् आवाज काढणारा तो तांबट. कन्नडभाषक शेजारी सुतारास 'मरकुटिग', म्हणजे लाकूड कुटणारा, म्हणतात. हे दोन कारागीर एका कुळातले आहेत, याचा निवाडा होण्यास शास्त्राला मात्र दीर्घ काळ लागला.

फ्रेंच पंडित क्यूव्हिए यांनी १८१७ साली पायांवरून पक्ष्यांचा एक गट केला. ज्यांची दोन बोटे पुढे व दोन मागे, ते सारे आरोहक. त्यामुळे सुतार, तांबट, पोपट आणि कोकिळ एका पंक्तीस बसले. कोकिळेस झाडाच्या खोडावर चढताना कोणी पाहिले असेल, देव जाणे! तथापि जर्डन यांनी १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हीच पंगत कायम ठेवली. त्या काळी लष्करी अधिकारीही पक्ष्यांच्या नोंदी करीत. बेळगावच्या छावणीतील कॅप्टन बटलर यांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची यादी १८८० साली प्रसिद्ध केली.

दरम्यान, १८७५ साली गॅरड या इंग्रज शारीरशास्त्रज्ञाने पायाच्या आतील कंडरा, म्हणजे बोटे वळविणारे दोर, तपासले. सुतार, तांबट आणि अमेरिकेतील टूकन यांच्यात त्यांची गुंफण एकाच धाटणीची निघाली. पोपट व कोकिळ यांच्यात ती तशी नव्हती. बाहेरून सारखा दिसणारा पाय आतून परका ठरला! पुढे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही तोच कौल दिला. टूकन हे अमेरिकेतील तांबटांच्याच शाखेतून निघाले, आणि पोपटाचे नाते चिमणी-कावळ्यांच्या गणाशी व ससाण्याशी अधिक जवळचे आहे, असे आज मानले जाते.

पुष्कळ घरांत मुलांना तुरेवाला हुदहुद दाखवून 'हा सुतार' असे सांगतात. त्याचे खरे आप्त म्हणजे खानापूरच्या रानातील धनेश. उलट, हिवाळ्यात येणारी मातकट मानमोडी लाकूड कोरीत नाही, जमिनीवर मुंग्या टिपते, आयत्या ढोलीत अंडी घालते. पण ती अस्सल सुतारकुळातली आहे.