गरुडलांछन
गरुडाची किंवा तत्सम शिकारी पक्ष्याची आकृती असलेले राजचिन्ह. ध्वज, ताम्रपटांवरील मुद्रा व नाणी यांवर ते आढळते. महाराष्ट्रात राष्ट्रकूट, शिलाहार आणि देवगिरीचे यादव या घराण्यांनी ते धारण केले. शिकारी पक्ष्याचा राजपदाशी असा संबंध प्राचीन इराणातही होता. मात्र दोन्हीकडील कल्पनांत महत्त्वाचा फरक आहे.

इराणच्या हखामनी सम्राटांच्या निशाणावर, भाल्याच्या टोकाशी, पंख पसरलेला सोनेरी गरुड असे, असे ग्रीक लेखक झेनोफन सांगतो. कुनाक्साच्या लढाईत (इ. स. पू. ४०१) तो स्वतः उपस्थित होता. अवेस्तातील कथेनुसार यिम राजा असत्य बोलू लागताच त्याचे राजतेज (ख्वरेनह) वारेघ्न पक्ष्याच्या रूपाने त्याला सोडून गेले. वारेघ्न म्हणजे ससाणा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. विजयदेवता वेरेथ्रघ्न हिच्या दहा रूपांपैकी सातवे रूप हाच पक्षी होय. पुढे दुसरा खुस्रव (कार. ५९०–६२८) या सासानी सम्राटाच्या मुकुटावरही पंख दिसतात. अवेस्तातील ‘सएन’ आणि वैदिक ‘श्येन’ हे शब्द सजातीय आहेत.

भारतात गरुड हे विष्णूचे वाहन असल्याने त्याच्या लांछनाला दैवी आश्रयाचा अर्थ आला. समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत (चौथे शतक) दैवपुत्र-षाही-षाहानुषाही इत्यादी सत्ताधीश गरुडमुद्रांकित शासनपत्रांची याचना करीत, असा उल्लेख आहे. ‘षाहानुषाही’ हे बिरुद मूळ इराणी असल्याने तो विशेष लक्षणीय ठरतो.

राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांचे पत्रे कडीने जोडलेले असून कडीवरील मुद्रेत बहुधा हातांत सर्प धरलेला गरुड असतो. राजचिन्ह हे सार्वभौमत्वाचेच रूप मानले जाई. त्यामुळे शत्रूचे लांछन हरण करणे हा मोठा पराक्रम समजत. तिसऱ्या गोविंदाच्या नेसरी (जि. कोल्हापूर) ताम्रपटात (८०५) त्याने पांड्यांचा मत्स्य, पल्लवांचा वृषभ व चोळांचा व्याघ्र ही चिन्हे हिरावून घेतल्याचे वर्णन आहे. शिलाहार राजे ‘सुवर्णगरुडध्वज’ हे बिरुद लावीत. मात्र गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या नागाऐवजी स्वदेह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहनाचे आपण वंशज आहोत, असेही ते सांगत. यादवांनी द्वारावतीच्या यदुकुलाशी नाते सांगून गरुडध्वज स्वीकारला. त्यांच्या राज्यात मोडणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात, सुलतानपूरजवळील लोणार येथे, दैत्यसूदन हे विष्णूचे प्रसिद्ध मंदिर आहे. मंदिरात गरुड हा देवाचा सेवक, तर मुद्रेवर तो राजाज्ञेचा साक्षीदार होता.

इराणी कथेतील पक्षी असत्यवादी राजाला सोडून जातो. तेथे लांछनामागे राजाच्या आचरणाची कसोटी आहे. दख्खनमध्ये गरुडाने राजाचा वंश, दैवत व वचन यांची ग्वाही दिली. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी यादवसत्ता संपली आणि तिचा ध्वजही लोपला. परंतु भूमिदानाची शाश्वती म्हणून ताम्रपटांना जोडलेल्या मुद्रा टिकून राहिल्या. महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासाची त्या आज महत्त्वाची साधने ठरल्या आहेत.