रात्री नऊ ते दहा, अलेक्झांड्रा पॅलेस

लंडनच्या उत्तरेला मसवेल हिलजवळच्या टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नावाची प्रचंड इमारत आहे. १८७३ मध्ये ती लोकांच्या करमणुकीसाठी खुली झाली, सोळा दिवसांत जळाली आणि १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. पहिल्या महायुद्धात तिथे आधी बेल्जियमचे निर्वासित राहिले, मग जर्मन नजरकैदी. तिचा आग्नेय कोपरा बीबीसीने भाड्याने घेतला तो टेकडीच्या उंचीसाठी. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. मनोरा जितका उंच, तितकी जास्त घरं टप्प्यात येतात. २ नोव्हेंबर १९३६ रोजी, सोमवारी, इथून नियमित प्रक्षेपण सुरू झालं.

या दिवसाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक यंत्रांबद्दल असतं. जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत, पहिला मान कोणाचा यासाठी उडवलेलं नाणं, बेअर्ड यांच्या बाजूने पडलेला कौल. हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण मी मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात निवेदिका होते. त्यामुळे माझं लक्ष जातं ते कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या तिघांकडे: जॅस्मिन ब्लाय, एलिझाबेथ कॉवेल आणि लेस्ली मिचेल. निवेदिकांच्या दोन जागांसाठी हजारावर अर्ज आले होते. निवडल्या गेलेल्या दोघींना या कामाचं कसलंही उदाहरण समोर नव्हतं. रेडिओचा निवेदक कागद हातात धरून वाचत असे, त्याचा चेहरा कोणाला दिसत नसे. रंगमंचावरच्या नटीसमोर हजार माणसं असत. इथे समोर एक भिंग, आणि पलीकडे कुठल्या तरी दिवाणखान्यात बसलेली चार माणसं.

दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊ ते दहा, एवढाच दिवसाचा कार्यक्रम, रविवारी सुट्टी. पहिल्या दुपारी पोस्टमास्टर जनरलांचं भाषण झालं, ॲडेल डिक्सन गायल्या, बक आणि बबल्स या अमेरिकन कृष्णवर्णीय जोडीने नाच-गाणं केलं. मला मात्र रात्रीचा तास जास्त मोलाचा वाटतो. समारंभ आटोपला होता आणि रोजचं काम सुरू झालं होतं. आधी ‘टेलिव्हिजन कम्स टू लंडन’ हा माहितीपट दाखवला गेला, मग ‘पिक्चर पेज’. सेसिल मॅडन यांनी बसवलेला हा कार्यक्रम म्हणजे पडद्यावरचं मासिकच होतं. जोन मिलर ही कॅनडाची नटी टेलिफोन ऑपरेटर म्हणून स्विचबोर्डपुढे बसायची आणि बोर्डात पिन खोचून प्रेक्षकांना एकेका पाहुण्याशी ‘जोडून’ द्यायची. त्या रात्रीच्या पाहुण्यांत टेनिसपटू के स्टॅमर्स होत्या, भुताच्या कथा लिहिणारे अल्जर्नन ब्लॅकवूड होते. टेलिफोन लोकांच्या ओळखीचा होता. नवख्या प्रेक्षकाला ओळखीच्या वस्तूचा हात धरून नव्या माध्यमात आणायचं, ही मॅडन यांची कल्पकता मला आजही थक्क करते.

पाहणारे किती? सुरुवातीला काहीशे संच. किंमत सुमारे १०० गिनी, आणि त्याच सुमारास फोर्डची छोटी मोटार १०० पौंडांना मिळत होती. चित्रनळी इतकी लांब असे की अनेक संचांत ती उभी बसवावी लागे. मग पेटीचं झाकण उघडायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, आणि घरच्यांनी त्या आरशातलं चित्र पाहायचं.

आता स्टुडिओत जाऊ. बेअर्ड यांच्या पद्धतीत निवेदनासाठी एक छोटी अंधारी खोली होती. तिथे कॅमेरा नव्हता. प्रकाशाचा एक झोत चेहऱ्यावरून सतत रेषारेषांनी फिरायचा आणि चेहऱ्यावरून परतलेला उजेड प्रकाशविद्युत घट टिपायचे. म्हणजे निवेदिकेने अंधारात बसून, डोळ्यांवर लुकलुकणारा उजेड सोसत, समोर कोणी बसलंय असं समजून हसायचं. चेहऱ्यावर रंगाचा जाड थर चढवल्याशिवाय नाक-डोळे उठून दिसत नसत. मोठ्या दृश्यांसाठी वेगळीच व्यवस्था होती. काचेआडचा जागेवर खिळलेला कॅमेरा फिल्मवर चित्र घ्यायचा, ती फिल्म लगेच रसायनांच्या टाक्यांतून जायची आणि ओली असतानाच तिचं प्रक्षेपण व्हायचं. यात सुमारे एक मिनिट जाई. आता निवेदिकेची अडचण बघा: अंधाऱ्या खोलीतलं तिचं बोलणं त्याच क्षणी घराघरांत पोहोचणार, आणि पुढचा गायक पोहोचणार एक मिनिट उशिरा. त्यामुळे तिचं बोलणं संपायच्या आधीच त्याने गायला सुरुवात केलेली हवी. तिला ना त्याचं गाणं ऐकू येणार, ना तो दिसणार. सेकंदांचा हिशेब डोक्यात ठेवून चेहऱ्यावर तो उमटू द्यायचा नाही, हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे.

दुसऱ्या, म्हणजे मार्कोनी-ईएमआयच्या स्टुडिओत आयझॅक शोनबर्ग यांच्या चमूने घडवलेले एमिट्रॉन कॅमेरे होते. खोली साधारण सत्तर फूट लांब, तीस फूट रुंद. दिव्यांची धग भयंकर. कॅमेरामनला भिंगातून चित्र उलटं दिसायचं. नर्तकी डावीकडे गेली की त्याने मनातल्या मनात सगळं सुलटं करून कॅमेरा वळवायचा. चित्राच्या कडांना नको तिथे सावल्या धरत, त्या घालवायला तंत्रज्ञ पूर्ण वेळ बटणं फिरवत बसलेले असत. तरीही हे कॅमेरे हलू शकत होते, माणसाच्या जवळ जाऊ शकत होते. फेब्रुवारी १९३७ पासून हीच पद्धत राहिली. बेअर्ड यांच्यावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. समोरचा माणूस मोकळेपणी वावरू शकतो अशी पद्धत जिंकली, आणि तेच व्हायला हवं होतं.

तेव्हा टेलिप्रॉम्प्टर नव्हता. सगळं पाठ. आम्हीही मुंबईत, १९७२ नंतरच्या त्या कृष्णधवल दिवसांत, पुढच्या कार्यक्रमाचं नाव आणि कलाकारांची यादी घोकूनच आत जात असू. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी लागली की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण पाटी हटली की पहिला चेहरा आमचा. ब्लाय आणि कॉवेल यांच्या वाट्याला हे कितीतरी जास्त आलं असणार. चित्र गेलं तर माफी मागायची ती शांतपणे, आणि यंत्राचा राग येऊ द्यायचा नाही. ही रीत आमच्यापर्यंत बीबीसीकडूनच आली. पु. ल. देशपांडे बीबीसीत टेलिव्हिजनचं शिक्षण घेऊन आले होते, हे ‘अपूर्वाई’च्या वाचकांना ठाऊक आहे.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती एका गोष्टीची. पहिल्या रात्रीच्या त्या तासाचं चित्रमुद्रण झालं नाही. थेट चित्र साठवून ठेवायची सोय तेव्हा बीबीसीकडे नव्हती. आज आपण पाहतो ते तुकडे सिनेमाच्या कॅमेऱ्याने वेगळे टिपलेले आहेत. ब्लॅकवूड यांची गोष्ट, मिलर यांचं पिन खोचणं, मधल्या जागा सांधणारे निवेदिकेचे शब्द ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांच्यापुरतेच राहिले.

पुढची वर्षं भराभर गेली. मे १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून दाखवली गेली, त्याच वर्षी विम्बल्डन दिसलं, आणि १९३९ पर्यंत संच वीस हजारांच्या घरात गेले. १ सप्टेंबर १९३९ रोजी मिकी माउसच्या एका कार्टूननंतर काही वेळातच सेवा बंद करण्यात आली. मनोऱ्याच्या लहरी शत्रूच्या विमानांना वाट दाखवतील ही भीती होती, आणि तंत्रज्ञ रडारच्या कामाला हवे होते.

७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरुवात झाली, तेव्हा जॅस्मिन ब्लायच पडद्यावर आली. मध्ये जवळजवळ सात वर्षं आणि एक महायुद्ध गेलं होतं. तिने प्रेक्षकांना नमस्कार केला, कसे आहात म्हणून विचारलं, आणि मी तुम्हाला आठवते का, असंही विचारलं. त्या दुपारी तिला सोहळ्याला साजेसं एखादं भाषण करता आलं असतं. तिने चौकशी केली, कारण अंधाऱ्या खोलीपासून ती बोलत आली होती ती घरातल्या चार माणसांशीच.