दोन घरांमधील जागा आणि बांधणीची परवानगी

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गांवठाणांत वाटेवर ठिकठिकाणीं क्रूस उभे आहेत. त्यांपैकीं कित्येक १८९६ सालीं सुरू झालेल्या प्लेगच्या सांथींत भाविकांनीं उभारले. आपल्याच जागेंत घर बांधावयाचें, तर सरकारी परवानगी कशाला, असें पुष्कळ जण विचारतात. ह्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्या क्रुसांच्या इतिहासांत आहे.

परवानगीचा कायदा मात्र प्लेगहून जुना आहे. मुंबईच्या १८८८ सालच्या म्युनिसिपल कायद्यानें असें ठरविलें कीं, घर बांधूं इच्छिणारानें आयुक्तांस नोटीस द्यावी, आणि बांधणी नापसंत असल्यास आयुक्तांनीं तीस दिवसांच्या आंत तसें सकारण कळवावें. कोणत्या अटींवर ती मान्य समजली जाईल, हेंही त्यांस लिहितां येतें. ह्यामुळेंच मुंबईंत परवानगीच्या कागदास ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नापसंतीची सूचना, असें चमत्कारिक नांव पडलें. नांवांत नकार असला तरी अटी पाळणारास तो होकारच होय.

प्लेगनें दाट वस्तींतील कोंदट व अंधाऱ्या खोल्यांकडे सर्वांचें लक्ष वेधलें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. हवा आली, उजेड आला. परंतु आरंभींच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या नव्या उभ्या राहिल्या नाहींत. निराश्रित झालेला गरीब शेजारच्या चाळींत शिरला, आणि गर्दी तेथें वाढली.

अशा सरसकट पाडापाडीस विरोध करणारे स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडिस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. १९१९ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचें सांगणें असें कीं, गल्लीगल्लींतून पायीं फिरावें, प्रत्येक घर नकाशावर मांडावें, मोडकळीस आलेलीं तेवढींच थोडीं घरें काढावीं, रिकाम्या जागांचा विचारपूर्वक उपयोग करावा, आणि वस्ती जागच्या जागीं नांदूं द्यावी. दोन घरांमधील तुकड्यावर एक नीटसें घर बसविण्याच्या कामास ह्याहून चांगला आधार कोणता?

पुढें १९५० व १९५७ सालीं साष्टींतील बरींच गांवें मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं, आणि गांवच्या घरासही शहराचे नियम लागूं झाले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें अर्जदारास कांहीं हक्क दिले. नियमांस धरून केलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें मानावें, व ती नाकारल्यास चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करतां यावें, अशी त्यांत तरतूद आहे. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. मुदत सरण्यापूर्वीं ती वाढवून घ्यावी लागते. २०२० सालच्या एकत्रित नियमावलीनें, मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांत, दीडशें चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घराची वाट आणखी सोपी केली.

इतकें असूनही लहान जागा वर्षानुवर्षें ओस पडतात. ह्याचें कारण बहुधा कायद्यांत नसून आपल्या पेटींत असतें. मिळकत पत्रिकेवर दिवंगत आजोबांचेंच नांव राहतें. वारसांची नोंद होत नाहीं. मोजणी झालेली नसते. भावाभावांचें वांटप तोंडींच असतें. अशा कागदांवर नकाशा मंजूर होणें कठीण. मग कोणी परवानगीवांचून भिंत उभी करतो, आणि त्याच्या डोक्यावर नोटिशीची टांगती तलवार राहते. दुसरा कंटाळून जागा विकतो, आणि त्याचीं मुलें गांव सोडून दूर राहावयास जातात.

म्हणून वडीलधारे हयात आहेत तोंवरच कागद नीट करावे. नकाशा काढतांना शेजाऱ्याची खिडकी, पावसाच्या पाण्याची वाट आणि प्रेत वा रुग्ण नेण्याइतका बोळ मोकळा ठेवावा. प्लेगच्या क्रुसांनीं शिकविलेला हा धडा नियमांच्याही मुळाशीं आहे: माझें घर शेजाऱ्याचा श्वास कोंडून उभें राहूं नये.